भूकंपानंतरची भाऊबीज

रायपूरच्या मराठी माणसाचे जबलपूरशी असलेले नाते प्रथम सरकारी दप्तरांतून निर्माण झाले आणि मागाहून सोयरिकींनी ते दृढ केले, असे म्हणावयास हरकत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडच्या सुभ्याबरोबर जे सुभेदार, कमाविसदार, फडणीस आणि त्यांचे कारकून इकडे आले, त्यांच्यापैकी कित्येकांची घराणी याच भूमीत कायमची स्थिरावली. आणि १७९८ पासून इंग्रजी सत्ता येईपर्यंतची सुमारे वीस वर्षे नर्मदाकाठचे जबलपूरही त्याच भोसल्यांच्या ताब्यात असल्यामुळे, एक भाऊ रायपुरात आणि दुसरा जबलपुरात, अशी घराण्यांची विभागणी त्या काळापासूनच सुरू झाली. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० साली पेंड्र्याहून काढणारे आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांच्या विद्यार्जनाची वाट बिलासपूर, रायपूर, जबलपूर अशीच गेलेली होती. आणि पुढे १९२० साली जबलपुराहून ‘कर्मवीर’ निघाला, त्यामागची प्रेरणाही त्यांचीच होती. त्यांचा देह मात्र १९२६ साली रायपुरातच पडला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय नागपुराहून जबलपुरास हलले. त्या न्यायालयाबरोबर, आणि पुढे जबलपुरातच मुख्य कार्यालय थाटलेल्या विद्युत मंडळाबरोबर, विदर्भातली अनेक मराठी कुटुंबे तिकडे गेली. छत्तीसगड वेगळे होऊन बिलासपुरास स्वतंत्र उच्च न्यायालय मिळेपर्यंत, म्हणजे २००० सालापर्यंत, रायपुरातल्या जमिनीच्या तंट्याचा अखेरचा निकाल जबलपुरातच लागावयाचा. त्यामुळे आमच्याकडील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात जबलपूर हे अपिलाच्या तारखांचे, बदलीच्या हुकमांचे आणि मुलीला स्थळ पाहण्याचे शहर असे. माझे मामा तरुणपणी नोकरीनिमित्त तेथे गेले, विद्युत मंडळाच्या सेवेतून निवृत्त झाले आणि निवृत्तीच्या रकमेतून विकत घेतलेल्या एका जुन्या, विटांच्या, अर्ध्या भागावर कवेलूंचे छप्पर असलेल्या घरात राहू लागले. त्या घराची आणि त्या शहराची १९९७ सालच्या दिवाळीतली अवस्था, आणि भंगलेल्या शहरी पाहुणे म्हणून जाण्याचा जो अर्थ मला तेथे उमगला तो, या लेखाचा विषय आहे.

वैशाखी पौर्णिमेच्या पहाटे, २२ मे १९९७ रोजी, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास जबलपूर हादरले. शहराच्या आग्नेयेस असलेल्या कोसमघाट या खेड्याच्या आसपास, जमिनीच्या पोटात सुमारे पस्तीस किलोमीटर खोल, नर्मदेच्या खचदरीला समांतर जाणाऱ्या एका पुरातन विभंगावर खडक सरकला आणि सहाच्या आसपासच्या प्रतीचा भूकंप झाला. जबलपूर, मंडला, सिवनी आणि छिंदवाडा या चार जिल्ह्यांत आठ हजारांहून अधिक घरे जमीनदोस्त झाली आणि पन्नास हजारांहून अधिक घरांना कमीअधिक तडे गेले. एवढ्या घरांच्या मानाने माणसे मात्र फारच थोडी दगावली. मृतांची संख्या शंभरीपर्यंतही पोहोचली नाही.

या शेवटच्या वाक्याचे मोल महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे नुकती निजली असता, किल्लारी आणि भोवतालच्या गावांत आठ ते दहा हजार माणसे आपल्याच घरांच्या भिंतींखाली गेली, तो भूकंपही मोजपट्टीवर याच्याहून फारसा मोठा नव्हता. फरक पडला तो तीन गोष्टींनी. लातूरचा भूकंप जमिनीच्या पृष्ठभागापासून थोड्याच खोलीवर झाला होता, जबलपूरचा फार खोलवर. त्यामुळे पृष्ठभागावर येईतो त्याचा आवेग विस्तृत प्रदेशात वाटला गेला. लातूर-उस्मानाबादकडील घरे मातीत रचलेल्या गोल दगडांच्या रुंद भिंतींची आणि वर मातीचा जड थर असलेल्या माळवदाची. जबलपूरकडील घरांची छपरे कवेलूंची, म्हणजे त्या मानाने हलकी. आणि तिसरी गोष्ट ऋतूची. मे महिन्यातल्या उकाड्यात महाकोशलात माणसे घरात झोपत नाहीत. अंगणात, ओसरीवर, गच्चीवर बाजा टाकून झोपतात. मामा-मामी त्या रात्री अंगणात होते. स्वयंपाकघराची मागची भिंत पडली ती रिकाम्या स्वयंपाकघरात पडली.

दसऱ्यानंतर मामांचे आईला पत्र आले. पंचनामा झाला आहे, पटवारी आणि अभियंता येऊन मुआयना करून गेले आहेत, मुआवज्याचा एक हप्ता हाती पडला असून दुसऱ्यासाठी पुन्हा पाहणी व्हावयाची आहे, गवंडी मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, अशी सगळी कैफियत सविस्तर लिहून शेवटी त्यांनी लिहिले होते की घर पाहुण्यांना दाखवण्याच्या स्थितीत नाही, सबब यंदा कोणी येऊ नये, आणि पाहणीची तारीख केव्हाही लागू शकत असल्याने आपल्यालाही भाऊबिजेला रायपुरास येता येणार नाही. शिरस्ता असा की भाऊबिजेला भावाने बहिणीच्या घरी जावयाचे, आणि आईच्या लग्नापासून मामांनी तो सहसा मोडला नव्हता. आईने पत्र दोनदा वाचले आणि उलट टपाली कार्ड टाकले. ‘तू येऊ शकत नाहीस तर मी येते. मला घर पाहावयाचे नाही, तुला ओवाळावयाचे आहे.’ आईच्या मनात निश्चय झाला की त्यावर घरात चर्चा होत नसे. मुलांना सहामाही परीक्षेनंतरची सुटी होती, मी रजेचा अर्ज दिला आणि आम्ही सर्वच निघालो.

त्या काळी रायपुराहून जबलपुरास जाण्याचा एक मार्ग बिलासपूर-कटनीवरून होता आणि दुसरा गोंदियावरून. आईने गोंदियाचा पत्करला, कारण लग्नानंतर ती माहेरी जात आली होती ती याच वाटेने. डोंगरगड मागे टाकून गोंदियास उतरावे आणि तेथून अडीच फुटी रुळांच्या त्या छोट्या गाडीत बसावे, जी बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यातून जबलपुरापर्यंत नेली होती. बालाघाट, नैनपूर अशी मुक्कामे घेत, सागाच्या आणि साजाच्या जंगलातून ती गाडी इतक्या सावकाश चढे-उतरे की खिडकीत बसलेल्या मुलांना वाटेतल्या वस्त्यांची अंगणे, त्यांतल्या तुळशी आणि नुकती सारवलेली ओटी नीट न्याहाळता येत. (तो मार्ग २०१५ साली बंद पडला आणि त्या जागी आता रुंद रूळ आले आहेत.) बरगी मागे पडले, जमतऱ्याच्या पुलावरून गाडीने नर्मदा ओलांडली, डब्यातल्या बायकांनी नदीला हात जोडून पाण्यात नाणी टाकली, आणि त्याच काठावर पहिल्यांदा आम्हांला भूकंप दिसला: कवेलू उतरवून ढिगाऱ्याने रचलेले, भिंती छातीइतक्या उरलेल्या, आणि त्या भिंतींच्या आत निळ्या ताडपत्रीखाली चूल पेटलेली.

शहरात शिरल्यावर मात्र पहिल्या दृष्टिक्षेपात काहीच झाल्यासारखे वाटले नाही. घमापूर, गोलबाजार, बडा फुहारा या भागांत दिवाळीची गर्दी होती, कमानिया गेटजवळ आकाशकंदील टांगलेले होते, खव्याच्या जिलबीच्या कढया उकळत होत्या. भूकंपग्रस्त शहराचे जे चित्र वृत्तपत्रांतील छायाचित्रांनी आपल्या मनात उमटविलेले असते, ते पहिल्या आठवड्याचे असते. पाच महिन्यांनंतरचे शहर वाचावयास निराळी दृष्टी लागते. दोन घरांच्या मध्ये जिथे एक दात पडल्यासारखी मोकळी जागा आहे, तिथे घर होते. जिथे भिंतीला बल्ल्यांचे तिरपे टेकू लावले आहेत, तिथे अजून निर्णय झालेला नाही. जिथे गच्चीचा कठडा एका बाजूला नवा आणि तीन बाजूंना जुना आहे, तिथे हप्ता मिळाला, पण पुरला नाही. आणि दिवाळी चार दिवसांवर आलेली असताना जिथे रंगसफेदी झालेली नाही, तिथे माणूस अजून घाबरलेला आहे.

मामांच्या घराला त्या वर्षी सफेदी नव्हती. पुढच्या दोन खोल्या शाबूत होत्या. त्यांच्या भिंतींवर दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघून तिरप्या धावणाऱ्या भेगा होत्या, आणि दोन खिडक्यांच्या मधल्या भागात त्या भेगांनी एकमेकींना छेदून मोठी फुली केली होती. भेगांच्या दोन्ही बाजूंचा गिलावा मामांनी मुद्दाम खरवडून काढून वीट उघडी ठेवली होती आणि शिसपेन्सिलीने तिथे तारखा लिहिल्या होत्या, कारण पाहणीस आलेल्या तरुण अभियंत्याने सांगितले होते की भेग वाढते आहे की थांबली आहे, हे कळल्याशिवाय तिच्यावर चुना फिरवू नका. मागचे स्वयंपाकघर पूर्ण उतरवून टाकलेले होते. मामी ओसरीच्या एका टोकाला आडोसा करून स्वयंपाक करीत. पितळेचे डबे, जे पूर्वी फळीवर ओळीने चमकत असत, ते सगळे जमिनीवर मांडलेले होते. रात्री अंथरुणे दारापासून दोन हातांवर पडत. प्रत्येकाच्या उशाशी बॅटरी आणि पायांशी चपला असत. मालगाडी गेली की बोलणे अर्ध्यावर थांबे, सर्वांची नजर छताच्या दिव्याकडे जाई, आणि तो झुलत नाही असे पाहिल्यावर वाक्य पुढे चाले. याविषयी कोणी काही बोलत नसे. ती त्या घराची, त्या मोहल्ल्याची नवी चालरीत झाली होती.

आम्ही येणार या बातमीने मात्र त्या मोहल्ल्यात जी हालचाल झाली, ती मला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळली. पाहुणे यावयाचे म्हणून मामांनी महिनाभर तसाच पडून राहिलेला विटांचा ढीग मागच्या परसात हलवून घेतला. मामींनी, ज्यांनी भूकंपानंतर सणाचे म्हणून काही रांधले नव्हते, समोरच्या घरातल्या शाबूत स्वयंपाकघरात चार घरांच्या बायका जमवून चिवडा, चकल्या आणि करंज्या केल्या. त्यांत एक सिंधी, एक बुंदेलखंडी आणि दोन मराठी, आणि करंजीला कोणी गुजिया म्हणो की करंजी, सारण एकाच परातीतले होते. आजारी माणसाने पहिल्यांदा उठून केस विंचरावेत तसे ते घर आमच्यासाठी उठून बसले होते. आई पायांवर पाणी घेऊन ओसरीत आली तेव्हा मामी तिला म्हणाल्या, “वन्सं, मे महिन्यापासून मदत करायला पुष्कळ लोक आले, देव त्यांचं भलं करो. पण पाहुणं म्हणून आलात ते तुम्हीच पहिल्या.”

त्या एका वाक्याने मला हा लेख दिला आहे. आपत्तीनंतरच्या पुनर्वसनाचा विचार आपण घरे, रक्कम, सामान आणि मुदत यांच्या हिशेबात करतो, आणि तो केलाच पाहिजे. सरकारने तो चुकविला तर त्यास जाब विचारला पाहिजे. परंतु ज्याला मदत मिळते तो मनुष्य, मदत कितीही सन्मानाने दिली गेली तरी, घेणाऱ्याच्या जागी उभा असतो. अर्जात त्याला आपले नुकसान सिद्ध करावे लागते, पंचनाम्यात आपली गरिबी नोंदवावी लागते, रांगेत उभे राहून आपली पाळी सांगावी लागते. आणि महिनोन्महिने हेच करीत राहिल्यावर देणारा म्हणून आपलेही काही स्थान होते, हे तो विसरू लागतो. पाहुणा त्याला ते स्थान परत देतो. पाहुणा आला की गृहस्थाला गृहस्थ व्हावे लागते: पाट मांडावा लागतो, पाणी द्यावे लागते, ‘अजून थोडे घ्या’ असा आग्रह करावा लागतो. शासनाच्या कोणत्याही योजनेत याची तरतूद करता येत नाही, कारण ही वस्तू वाटून देता येण्यासारखी नाही. ती फक्त मागून घेता येते, आणि ती मागण्याचा हक्क नातलगाला, मित्राला आणि वाटसरूला असतो.

भाऊबीज अंगणात झाली, कारण आत सर्वांना एकत्र बसविण्यास मामा तयार नव्हते. पाट, भोवती रांगोळी, आणि डोक्यावर छप्पर नाही म्हणून दिव्याच्या ज्योतीला आईने पदराचा आडोसा केलेला. मामांनी ओवाळणीत साडी दिली. आईने ती घेतली. माझ्या पत्नीने मला हळूच विचारले की या स्थितीत त्यांनी एवढा खर्च करणे आपण कसे स्वीकारावे. आईच्या कानी ते गेले असावे, कारण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती म्हणाली, “भावाची ओवाळणी परत करते ती बहीण नव्हे. त्याचं घर पडलंय, भावपण नाही पडलेलं.” आम्ही रायपुराहून नेलेली रक्कम तिने दुसऱ्या दिवशी मामींच्या हाती वेगळी दिली, ‘बांधकामाला’ असे स्पष्ट सांगून, ओवाळणीच्या ताटाशी तिने तिची गल्लत होऊ दिली नाही.

मुलांना सुटी होती आणि मामांचाच आग्रह होता, म्हणून आम्ही एक दिवस भेडाघाटास गेलो. ज्या शहरात घरोघरी टेकू लागले आहेत, तिथे नौकाविहारास जाणे शोभते का, हा प्रश्न मनात होता आणि तो रास्त होता. आपत्तीच्या पहिल्या दिवसांत केवळ पाहावयास जाणारे लोक मदतीच्या वाटा अडवितात आणि दुःखिताच्या दुःखाचे प्रदर्शन मांडतात; त्यांनी घरीच राहावे हे उत्तम. पण ढिगारे हलल्यानंतरचा काळ निराळा असतो. भेडाघाटाच्या नावाड्याने आम्हांला सांगितले की दगडांना काही झाले नाही, घाटाला काही झाले नाही, चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या वाटेलाही काही झाले नाही, पण पावसाळ्यानंतर नावा सुरू झाल्या तरी बाहेरगावची माणसे येत नाहीत. त्यांना वाटते की जबलपुरात आता पाहण्यासारखे काही उरलेच नाही. संगमरवरी मूर्ती कोरून विकणाऱ्यांची दुकाने तशीच मालाने भरून राहिली होती. त्यांच्या घरांना तडा गेलेला नसल्याने ते कोणत्याही पंचनाम्यात नव्हते. अशा माणसाला मदत पोहोचविण्याचा मार्ग एकच: त्याच्या नावेत बसावे, भाव ठरेल तो द्यावा, आणि घरी परतल्यावर चार जणांना सांगावे की जा, ते शहर उघडे आहे.

त्या नावेतूनच मुलांना नर्मदेचे रहस्यही दाखविता आले. विंध्य आणि सातपुडा या दोन रांगांच्या मधल्या ज्या खोल खाचेतून ही नदी, द्वीपकल्पातल्या बहुसंख्य मोठ्या नद्यांच्या उलट दिशेने, पश्चिमेस जाते, ती खाच म्हणजे भूकवचातली एक प्राचीन दुर्बल रेषा आहे. शोण नदीच्या खोऱ्यापर्यंत ती पसरली असून शास्त्रज्ञ तिला नर्मदा-शोण रेषा म्हणतात. या पट्ट्यात १९२७ साली शोणच्या खोऱ्यात, १९३८ साली सातपुड्यात आणि १९५७ साली बालाघाटाकडे असे लक्षणीय भूकंप झालेले होते, म्हणजे जबलपूरची घटना आकस्मिक असली तरी अपूर्व नव्हती. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांना आठवत होता, त्यांनी साहजिकच बरगीच्या जलाशयाकडे बोट दाखविले. परंतु पस्तीस किलोमीटर खोलीवरच्या या हालचालीचे कारण भूपट्टांच्या ताणातच शोधावे लागते, असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. तो निर्वाळा इतक्या खात्रीने देता आला, कारण किल्लारीच्या धड्यानंतर हवामान खात्याने देशात जी नवी अंकीय भूकंपमापन केंद्रे उभारली होती, त्यांतील बिलासपूर, भोपाळ, पुणे, कऱ्हाड येथील यंत्रांनी जबलपूरचा धक्का प्रथमच बारकाईने टिपला. पुढे जबलपूर हेच देशातले पहिले शहर ठरले, की ज्याच्या वेगवेगळ्या वस्त्यांखालची जमीन हादऱ्याला कशी प्रतिसाद देईल याचे सूक्ष्म नकाशे तयार करण्याचे काम हाती घेतले गेले. मदनमहालाच्या टेकडीवर ग्रॅनाइटची एक प्रचंड शिळा दुसरीवर अगदी थोड्या टेकूवर तोललेली आहे. ती भूकंपात जागची हलली नाही हे जबलपूरकर अभिमानाने दाखवितात. पण त्याच शहरात गाळाच्या आणि काळ्या मातीच्या जमिनीवरील वस्त्यांत भिंती अधिक फाटल्या. खडकातून येणारा भूकंपाचा धक्का मऊ मातीत शिरला की वाढतो. आणि घर कोठे आहे, हे घर कसे आहे याच्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

घर कसे असावे हे मला शिकविले ते मामांच्या स्वयंपाकघराची नवी भिंत उचलणाऱ्या गवंड्याने. आम्ही तेथे असतानाच तो एकदाचा कामावर आला आणि मी, रोज सकाळी चहाचा पेला हातात घेऊन, त्याच्याजवळ उभा राहू लागलो. त्याने दाखविले ते असे. जुन्या घरात प्रत्येक भिंत आपापली उभी असते. धक्का आला की लांब भिंत बाहेर झुकते, आडवी भिंत तिला धरून ठेवू शकत नाही, आणि दोघींचा सांधा कोपऱ्यात उकलतो. म्हणून जोत्याच्या पातळीवर एक, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून एक आणि छपराखाली एक, असे लोखंडी सळ्या घातलेले काँक्रिटचे सलग पट्टे चारी भिंतींवरून फिरवावयाचे, म्हणजे चार भिंतींची एक पेटी होते. कोपऱ्याकोपऱ्यात जोत्यापासून छपरापर्यंत उभी सळई सोडावयाची. खिडकी कोपऱ्याला चिकटवून काढावयाची नाही. उतरत्या छपराखालची त्रिकोणी भिंत विटांची न करता हलक्या पत्र्याची वा फळ्यांची करावयाची, कारण प्रथम पडते ती तीच. माती-विटांच्या लहान घराला यातले बरेचसे जमण्यासारखे असते आणि त्यासाठी लागणारे नियम भारतीय मानकांत किल्लारीच्या वर्षीच छापून तयार होते. “साहेब, सळई महाग नाही,” तो गवंडी म्हणाला, “ती कुठं घालायची ते सांगणारा माणूस मिळत नाही.”

पाहुणचाराचे ऋण पैशाने फिटत नाही, हे आपल्याकडे सर्वांना मान्य आहे. मग ते कशाने फिटते, याचे उत्तर मी त्या सुटीत जे काढले आणि ज्यावर मी आजही ठाम आहे ते असे: ज्या घराने आपले भंगलेपण आपल्यापासून लपविले नाही, त्याच्याकडून शिकून आपल्या गावी परतावयाचे, आणि आपल्या गावाला ते शिकवावयाचे. रायपूर भूकंपाच्या नकाशावर दुसऱ्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात येते. आणि या आधारावर येथे सर्वजण निर्धास्त आहेत. पण १९९३ पूर्वी किल्लारीचा प्रदेशही अधिकृत नकाशावर सर्वांत सुरक्षित पट्ट्यातच होता. २६ जानेवारी २००१ रोजी भुजचा भूकंप झाला तेव्हा, त्याच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, आणि त्यांतील बहुतेकींचा तळमजला मोटारी उभ्या करण्यासाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला होता. वरच्या मजल्यांचा सारा भार बारीक खांबांवर आणि त्या खांबांना धरणारी एकही भिंत नाही, अशी ती रचना. जबलपुरातही १९९७ साली अशाच इमारतींचे खांब फाटले होते. भुजचा भूकंप जबलपूरच्या भूकंपाहून शेकडो पट शक्तिमान होता, हे खरे. पण नर्मदेची ती दुर्बल रेषा रायपुराहून सरळ अंतराने जितकी दूर आहे, त्याहून भुजच्या भूकंपाचे केंद्र अहमदाबादेपासून काही फार दूर नव्हते. रायपुरातल्या नव्या वसाहतींतून हिंडताना मला अशा मोकळ्या तळमजल्यांच्या इमारती रांगेने दिसतात, आणि जुन्या बस्तीतून, बूढापाऱ्यातून जाताना मातीच्या सांध्याच्या उंच भिंती दिसतात, ज्यांवर वारसांनी एकेक मजला चढविलेला आहे.

म्हणून या दिवाळीत माझी वाचकांपाशी दोन मागण्या आहेत. पहिली ही की, ज्या गावावर आपत्ती कोसळून गेली आहे, तेथे तुमचे कोणी असेल तर पहिल्या महिन्यात पैसे पाठवा, आणि पहिल्या सणाला स्वतः जा. ‘घर दाखवण्यासारखे नाही’ असे ते लिहितील, ते मानू नका. कोणी नसेल तर सुटीत यात्रेकरू म्हणून जा, तेथल्या खानावळीत जेवा, तेथल्या बाजारातून वस्तू घ्या, आणि लोक सांगतील तेवढे ऐका. दुसरी मागणी घरच्यासाठी. दसऱ्यानंतर घरोघरी भांडी खाली उतरतात, कपाटे भिंतीपासून सरकतात आणि रंगारी येण्यापूर्वीचे एक-दोन दिवस भिंत वर्षातून एकदाच नग्न असते. त्या दिवसांत खिडक्यांचे कोपरे, दोन भिंतींचे सांधे, गच्चीचा कठडा आणि छपराचा आधार डोळ्यांखालून घाला; तिरपी भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना तारीख लिहा आणि ती वाढते आहे असे पुढच्या वर्षी आढळले तर जाणकार अभियंत्याला दाखवा. नवे घर बांधीत असाल तर कंत्राटदाराला रंग आणि फरशी यांच्याआधी पट्टे आणि कोपऱ्यांतल्या सळ्या यांविषयी विचारा, आणि सदनिका घेत असाल तर तळमजल्याचे खांब पाहून घ्या. मामांनी दुसरा हप्ता मिळाल्यावर पुढच्या दोन्ही खोल्यांना तो पट्टा मागाहून बसवून घेतला, आणि १९९८ च्या भाऊबिजेला, शिरस्त्याप्रमाणे, ते रायपुरास आले. आल्याबरोबर त्यांनी आमच्या माजघराची भिंत बोटांनी ठोकून पाहिली आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च किती येईल, ते आईला कागदावर मांडून दिले. त्या हिशेबाप्रमाणे आम्ही ते काम करून घेतले.